घर पास झालं का, मंदार?

घर बांधायला काढलं की प्लॉटवर सगळ्यात आधी काय येऊन पडतं? लाकूड नाही, सिमेंट नाही. किस्से! ते येतात, पडतात, आणि कोणी उचलून नेत नाही. मंदारच्या घराचे आमच्या ग्रुपकडे इतके किस्से साठलेत की त्यांत अजून एक खोली सहज निघेल. फक्त त्या खोलीची परवानगी काढायला काउन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, कोण जाणार, एवढाच प्रश्न आहे.

आता हसत सांगते आहे. तेव्हा हसू येत नव्हतं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे काय काय बिघडू शकतं याची काळजी करण्याचाच मला पगार मिळतो. पण मंदारचं घर उभं राहीपर्यंत मी जी काळजी केली, ती पूर्ण फुकट. आणि मीच काय, अख्खा ग्रुप! कुणाचाही फोन आला की पहिलं वाक्य तेच. "घर पास झालं का?"

*

सुरुवात आमच्या अल्बनीच्या घरी, संक्रांतीला. इथे दक्षिण गोलार्धात संक्रांत भर उन्हाळ्यात येते, त्यामुळे तिळगूळ देईपर्यंत हाताला चिकटतो. चिकट हातांनीच मंदारने जाहीर केलं, "शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुकेकोहेला प्लॉट घेतला. घर बांधणार."

"वा! बिल्डर कोण?" संदीपने विचारलं. संदीप फ्लॅट बुशला राहतो, तयार घर घेऊन. त्यामुळे घर बांधणे या विषयावर तो अधिकाराने बोलतो.

"मीच."

 मंदार पुण्यात मशीन डिझाइन करायचा, इथेही तेच करतो. पण मशीनच्या आत कोणी झोपत नाही!

मग त्याने नियम समजावले. या देशात घराची महत्त्वाची कामं लायसन्स असलेल्या बिल्डरनेच करायची. पण स्वतःचं घर स्वतः बांधणाऱ्याला सूट मिळते, त्याला म्हणायचं ओनर-बिल्डर. वायरिंग आणि प्लंबिंग मात्र लायसन्सवाल्याकडूनच. मंदारने सुटीच्या अटी बोटांवर मोजल्या. जमीन आपली हवी. राहायला आपणच जायचं. काम आपण करायचं, मदतीला फक्त नातेवाईक आणि मित्र, तेही बिनपगारी. आणि गेल्या तीन वर्षांत दुसऱ्या घराचं असं काम केलेलं नसावं.

"सगळ्या अटींत बसतो मी!" मंदार म्हणाला.

"शेवटच्या अटीत तर फारच छान बसतोस," त्याची बायको मंजिरी म्हणाली. "तीन वर्षं झाली, बाथरूममधला टॉवेलचा रॉड लावायचा राहिलाय!"

सगळे हसले. मंजिरीही हसली. पण मग स्वयंपाकघरात भांडी विसळताना मला म्हणाली, "वर्षा, आई येतायत. डॉक्टरांनी सांगितलंय, एवढा लांबचा विमानप्रवास आता हा शेवटचा. आयुष्यभर कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहिल्या, बाबा गेल्यावर भाड्याने. स्वतःच्या घराचा उंबरा म्हणून कधी ओलांडला नाही त्यांनी. त्यांचा व्हिसा संपायच्या आत घर पास व्हायला हवं गं."

काळजी सुरू झाली ती तिथे. पुढचं सगळं त्या काळजीसकट झालं.

*

ओनर-बिल्डर व्हायचं तर प्रतिज्ञापत्र करावं लागतं, आणि ते जस्टिस ऑफ द पीससमोर. नाव भारदस्त असलं तरी इथे ही मंडळी लायब्ररीत एक टेबल घेऊन बसतात आणि फुकट सह्या देतात. मंदारच्या वाट्याला एक आजीबाई आल्या. त्यांनी सगळं वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "नक्की ना, बाळा?"

"हो," मंदार म्हणाला.

त्यांनी मंजिरीकडे पाहिलं. "आणि तू?"

"मी पण हो."

आजींनी सही केली, शिक्का मारला. मग हळूच म्हणाल्या, "मी दर आठवड्याला इथेच असते. नवराबायको वेगळे होण्याचे कागदही इथेच होतात. घर बांधणारी बरीच जोडपी मला दोनदा भेटतात."

परत येताना मोटरवेवर दोघंही एकमेकांशी फारच अदबीने बोलत होती म्हणे.

*

काउन्सिलचं एक असतं, प्रत्येक गोष्टीची फी. परवानगीची फी, तपासणीची फी. नव्या घरामुळे रस्त्यांवर, पाण्यावर, बागांवर भार पडणार, त्याची वेगळी फी. संदीप म्हणाला, "तू बागेत जाणार नाहीस असं लिहून दे, काहीतरी कमी करतील!" आणि इन्स्पेक्टर येऊन जितका वेळ थांबेल, त्या वेळाचीही फी. एखादी गोष्ट नापास झाली की तो परत येणार आणि मीटर परत सुरू.

आमच्या नशिबी आला ग्रॅहम. साठीच्या आसपासचा, उंच, गुडघ्यापर्यंत मोजे, कमरेला टेप. हसण्यासाठी वेगळी परवानगी लागते असा चेहरा. पाया खणला तेव्हा तो पहिल्यांदा आला, एका कोपऱ्यात खोली थोडी कमी भरली आणि त्याने नापास केलं. मंदार म्हणाला, "थोडीशीच तर कमी आहे." ग्रॅहम म्हणाला, "हो. थोडीशी नापास आहे."

तोवर मंदारच्या आई, म्हणजे आमच्या काकू, येऊन पोचल्या होत्या. दारी माणूस आला, टोपीवाला साहेब आला, आणि त्याला कोरडा घालवायचा? काकूंनी प्लॉटवर घडीची खुर्ची मांडली आणि थर्मास उघडला. मंदार घाईघाईने कुजबुजला, "आई, बसवू नकोस त्याला! त्याच्या बसण्याचे पैसे आपल्याला पडतात!"

"मग उभ्याने खाईल," म्हणत काकूंनी पोह्यांची डिश पुढे केली. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड.

ग्रॅहम दोन पावलं मागे सरकला. फार नम्रपणे म्हणाला की त्याला कुणाकडून काही घेता येत नाही, नियम आहे. मंदारने भाषांतर केलं. "आई, त्याला ती लाच वाटू शकते."

काकूंचा चेहरा असा झाला की बस! "लाच? पोह्यांची?" त्या म्हणाल्या. "सांग त्याला, लाच द्यायची असती तर शिरा केला असता!"

मंदारने हे भाषांतर केलं नाही.

*

फरशीचं काँक्रीट ओतायच्या आधी जमिनीवर जाड काळं प्लास्टिक अंथरतात, खालची ओल वर येऊ नये म्हणून. त्यावर लोखंडी जाळी. हे ग्रॅहमने पाहून पास केलं की मगच काँक्रीटची गाडी.

आता वास्तुशांतीला वास्तुपुरुषाची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात जमिनीखाली ठेवायची असते. काकूंचं म्हणणं रास्त होतं. "नंतर तुमचं ते काँक्रीट कोण फोडणार? आत्ताच ठेवा."

पण आग्नेय म्हणजे कोणती? संदीप जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटकारत प्लॉटभर फिरला आणि म्हणाला, "इथे सूर्य उत्तरेकडून जातो. म्हणजे सगळं उलटं. इथली आग्नेय म्हणजे खरं तर ईशान्य!" यावर भर उन्हात तासभर वाद झाला. शेवटी पुण्याच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडे सूर्य उगवतो कुठे?"

"पूर्वेला."

"मग झालं तर!"

मुहूर्त मात्र निघाला प्लास्टिक अंथरून झाल्यानंतरचा. मंदारने कोपऱ्यात प्लास्टिकला चीर दिली, खाली तांब्याची प्रतिमा ठेवली, काकूंनी हळदकुंकू वाहिलं आणि वरून टेप लावला. गिफ्टवर लावतात तो टेप! दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रॅहम, दुपारी काँक्रीट, आणि परवापासून पावसाचा अंदाज. मला रात्री झोप लागली नाही.

ग्रॅहम आला. जाळी बघितली, कडा बघितल्या. आग्नेय कोपऱ्यात येऊन थांबला आणि खाली वाकला.

"हे काय?"

मंदारला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा जुना आजार आहे. "गॉड," तो म्हणाला.

ग्रॅहमने वर पाहिलं. "कोणाचा?"

"घराचा."

ग्रॅहमने पुन्हा टेपकडे पाहिलं. मग ग्रॅहमने विचारलं, "राहणार आहे का तो इथे?"

"कायमचा."

"मग ड्रॉइंगवर दाखवा," ग्रॅहम म्हणाला आणि प्लास्टिक फाटल्याबद्दल नापास करून गेला. काँक्रीटची गाडी रद्द, पाऊस सुरू, पुकेकोहेची लाल माती बुटांना धरून घरोघरी. काकू सारखं म्हणत होत्या, "माझ्यामुळे झालं." आठवडाभर त्या धड जेवल्या नाहीत.

पण ड्रॉइंग काढणाऱ्याने इमानेइतबारे आग्नेय कोपऱ्यात एक छोटं वर्तुळ काढलं आणि शेजारी देवता या अर्थाने इंग्रजीत लिहिलं, डेइटी, नॉन-स्ट्रक्चरल. काउन्सिलच्या दप्तरी आज ते तसंच आहे.

काकूंनी विचारलं, "नॉन-स्ट्रक्चरल म्हणजे काय रे?"

"म्हणजे घराचा भार त्याच्यावर नाही," मंदार म्हणाला.

काकू थक्क झाल्या. "मग कोणावर आहे?"

*

फरशीचा स्लॅब एकदाचा ओतला, भिंतींचे सांगाडे उभे राहिले. दर शनिवारी आम्ही सगळे राबायला. माझा नवरा नितीन आयुष्यात पहिल्यांदा करवत धरत होता आणि करवतीलाही ते कळत होतं. ग्रॅहमने एकदा येऊन विचारलं, "ही सगळी माणसं कोण?"

घाबरून संदीप म्हणाला, "कझिन." नितीन म्हणाला, "कझिन." त्यांच्या मागे टेकू धरून उभी असलेली मी म्हणाले, "कझिन." मग ग्रॅहम मंजिरीकडे वळला. तीही म्हणाली, "कझिन!" आणि जीभ चावली.

"मित्र असले तरी चालतात," ग्रॅहम म्हणाला. "बायकोही चालते."

खरी धांदल छप्पर चढलं त्या दिवशी उडाली. चहा झाल्यावर काकूंनी प्रत्येकाला समोर बसवून कुंकू लावलं, हातावर नारळ ठेवला आणि वर एक पाकीट. दहाची नोट आणि एक डॉलरचं नाणं. आम्ही वाकून नमस्कार केला. घरी जाताना अर्ध्या वाटेत मंदारचा फोन. आवाज असा की मला वाटलं छप्परच पडलं.

"वर्षा, पाकीट उघडलंस?"

"हो. अकरा डॉलर. का रे?"

"अगं, बिनपगारी! मदत बिनपगारी हवी! आईने तुम्हाला पैसे दिले! माझी सूट गेली! आधीची कामंसुद्धा बेकायदा ठरतील! परत दे ते!"

मी हादरले. पण आशीर्वादाचं पाकीट परत कसं करायचं? नितीन म्हणाला, "मी नाही देणार. काकूंनी डोक्यावर हात ठेवलाय." संदीपचं तर त्या पैशांतून डेअरीवर, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, घरच्या सगळ्यांसाठी आइस्क्रीम घेऊनही झालं होतं. म्हणजे पुरावाही खाऊन झाला!

सोमवारी सकाळी मंदारने काउन्सिलला फोन लावला आणि सगळं कबूल केलं. पलीकडच्या बाईने विचारलं, "किती दिले?"

"प्रत्येकी अकरा डॉलर."

"एका तासाचे?"

"नाही. आत्तापर्यंतच्या सगळ्या शनिवारांचे."

 मग ती म्हणाली, "हा पगार नाही हो. हा तर अपमान आहे."

*

एक प्रसंग आहे, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण तो वगळला तर बाकीचं खोटं वाटेल.

आतल्या भिंती व्हायच्या होत्या. ग्रॅहमने आदल्या दिवशी खिडक्यांभोवतीचं काम नापास केलं होतं, आणि ते बरोबरच होतं. पाणी आत आलं असतं. काकूंच्या परतीच्या तिकिटाला थोडे दिवस उरले होते. शनिवारी मी डबा घेऊन गेले तर मंदार प्लॉटशेजारच्या कांद्याच्या शेताच्या कडेला गाडीत बसलेला. इंजिन बंद, काचा बंद. मी शेजारी जाऊन बसले.

तो म्हणाला, "मला वाटलं होतं, अटींत बसतो म्हणजे जमेल. अटींत बसणं वेगळं आणि जमणं वेगळं." मग थोड्या वेळाने, "आई रोज विचारते, आज काय झालं. मी रोज म्हणतो, होत आलंय. वर्षा, ती पासपोर्ट काढून त्यातली तारीख बघत बसते."

 मी डबा उघडला. आम्ही दोघांनी गार भाजी-पोळी खाल्ली आणि खिडक्या उचकटायला गेलो.

*

आणि मग फायनल. शेवटची तपासणी. ती झाली की सर्टिफिकेट, आणि ते आलं की घर खरं.

काकूंचं विमान रविवारी. ग्रॅहमची वेळ मिळाली शुक्रवारी दुपारची. काकूंनी पंचांग पाहून सांगितलं, शुक्रवारी सकाळी दूध उतू घालवायचं. नव्या घरात चुलीवर पहिलं दूध उतू जाऊ द्यायचं असतं, म्हणजे घरात भरभराट होते. मंदार म्हणाला, "आई, आधी पास होऊ दे." काकू म्हणाल्या, "आणि नाही झालं तर? मी काय विमानात दूध तापवू?" 

म्हणून सकाळी आम्ही जमलो. काकूंनी नवी पैठणी नेसली होती, गुडघा दुखत असूनही उंबऱ्यावरचं माप ओलांडलं आणि थेट शेगडीपाशी गेल्या. पातेलं ठेवलं. दूध वर यायला लागलं. आणि दारात बूट काढून, मोज्यांवर ग्रॅहम उभा! आधीची एक तपासणी रद्द झाली म्हणून तो लवकर आला होता.

त्याच क्षणी दूध उतू गेलं. चर्र झालं, धूर झाला आणि घरातले सगळे अलार्म एका सुरात ओरडायला लागले. बेडरूमचा, पॅसेजचा, बैठकीचा. मंजिरी टॉवेल घेऊन धावली. ग्रॅहमने हातातल्या टॅबवर टिचकी मारली.

"अलार्म एकमेकांना जोडलेले आहेत," तो म्हणाला. "ठीक."

मग शेगडीकडे पाहून त्याने मला विचारलं, "दूध जळतंय. त्यांना कळलंय ना?"

"मुद्दाम केलंय," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि नळ, गिझर, जिने, खिडक्या, एकेक बघत फिरायला लागला. मंदार त्याच्या मागे. 

मी काकूंकडे गेले. त्या शेगडीजवळ तशाच उभ्या होत्या. दूध पूर्वेला जायला हवं होतं. ते पातेल्याच्या एका अंगाने सांडून ओट्यावर पसरलं होतं. सरळ दक्षिणेला.

"यमाची दिशा गं," काकू अगदी हळू म्हणाल्या. "घराचं नसेल ते. माझं असेल." आणि पदराने ओटा पुसायला लागल्या. नव्या पैठणीच्या पदराने! मंजिरी रडायलाच लागली. मंदार धावत आला. "आई, असं काही नसतं!" पण काकूंनीच त्याच्या पाठीवरून हात फिरवला, जणू नापास तो झालाय.

ग्रॅहम बेडरूममधून परत आला. आम्हा सगळ्यांकडे बघून त्याने विचारलं, "काय झालं?"

मंजिरीने डोळे पुसत सांगितलं. दूध कुठे जायला हवं होतं, कुठे गेलं, आणि परवा त्यांचं विमान आहे.

ग्रॅहमने ऐकून घेतलं. ओटा तपासणं त्याच्या कामात येतच नाही. तरी तो बाहेर गाडीपाशी गेला आणि लेव्हल घेऊन आला, ती मधे बुडबुडा असलेली लांब पट्टी; बुडबुडा दोन रेघांच्या मधे आला की पातळी सरळ. ओट्यावर शेगडीच्या कडेला ठेवली. चष्मा लावला. खाली वाकला. फार वेळ वाकून राहिला.

"ओट्याला उतार आहे," तो सरळ होत म्हणाला. "दक्षिणेकडे. तीन मिलिमीटर."

"काय म्हणतोय?" काकूंनी विचारलं.

"आई," मंदार म्हणाला, "ओटा वाकडा बसलाय म्हणतोय. माझ्या हातून."

काकूंनी ओट्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "मग दुधाने काय करायचं!" त्या म्हणाल्या. "तरी तुला सांगत होते, घाई करू नकोस! मशीनं करतोस रे, ओटा धड बसवता येत नाही!" आणि त्या हसायला लागल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या.

ग्रॅहमने टॅबवर सही केली. "स्वीट ॲज," तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत झकास. "घर पास."

 मंजिरीने मंदारला मिठी मारली. नितीन आणि संदीप ओरडत अंगणात पळाले. ग्रॅहमने लेव्हल उचलून काखेत मारली आणि बूट घालायला दाराकडे गेला.

तो वाकला होता तेव्हा मी त्याच्या खांद्यामागेच उभी होते. बुडबुडा दोन रेघांच्या अगदी बरोबर मधे होता.